रक्ताचा वारसा आणि वंशाचे भवितव्य

मनुष्य मायभूमी सोडून समुद्रापार जातो, तेव्हा त्याच्या गाठोड्यात फार थोड्या वस्तू मावतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे निघालेल्या मराठी करारबद्ध मजुरांचीही हीच स्थिती होती. पोर्ट लुई येथे उतरताच प्रत्येकास एक क्रमांक मिळे, आणि त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, उंची व अंगावरील खुणा नोंदवहीत लिहिल्या जात. त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आजही जतन केलेल्या असून, मूळ गावाचा शोध घेणारी नातवंडे-पतवंडे त्यांच्या आधारे आपली वंशावळ जुळवीत असतात. भाषा, अभंग, झाकरी आणि देव्हाऱ्यातील देव यांचा वारसा या घराण्यांनी मोठ्या निष्ठेने सांभाळला. परंतु आणखी एक वारसा त्यांच्यासमवेत आला, ज्याची नोंद कोणत्याही कारकुनास करता येणे शक्य नव्हते. तो होता रक्तातील वारसा.

हा वारसा बहुतांशी निरुपद्रवी असतो. काही घराण्यांत मात्र त्यात एखादा असा दोष दडलेला असतो की, जो आईबापांस जन्मभर जाणवत नाही, आणि बालकाच्या वाट्यास मात्र दुःखरूपाने येतो. अशा आनुवंशिक दोषांचा शोध, त्यांवरील उपचार, आणि त्या उपचारांतून बरे झालेल्या बालकास पुढे स्वतःचे अपत्य व्हावे म्हणून चाललेले प्रयत्न, हा आजच्या वैद्यकशास्त्रातील अत्यंत महत्त्वाचा विषय होय. अरबी समुद्राच्या पश्चिम तीरावरील ओमान देशात तो विशेष ठळकपणे दिसून येतो. आणि त्या देशाच्या कहाणीतील काही धागे थेट मराठी मुलुखापर्यंत येऊन पोहोचतात.

समुद्रमार्गावरील देश

मस्कत, सोहार, सूर ही ओमानची बंदरे शतकानुशतके मोसमी वाऱ्यांवर जगली. एका ऋतूत तेथील गलबते भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे येत, दुसऱ्या ऋतूत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जात. कच्छचे भाटिया व्यापारी मस्कतमध्ये पिढ्यान्पिढ्या राहिले. एकोणिसाव्या शतकात सय्यद सईद या ओमानी राज्यकर्त्याने आपले आसनच झांझिबार बेटावर हलविले. बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरील ग्वादर हे बंदर १९५८ पर्यंत ओमानच्या ताब्यात होते. व्यापारी, खलाशी, शिपाई आणि जबरदस्तीने आणलेले गुलाम अशा नाना प्रकारच्या माणसांची ये-जा या किनाऱ्यावर झाली, आणि प्रत्येकाने आपल्या रक्ताचा अंश तेथे ठेविला.

इतिहासाच्या बखरींत न सापडणारी ही हकीकत रक्तपरीक्षेत सापडली. सिकलसेल नावाच्या रक्तविकाराचे जनुक ओमानमध्ये कोठून आले याचा शोध घेणारे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. ज्या जनुकांची तपासणी झाली, त्यांपैकी सुमारे निम्म्यांवर पश्चिम आफ्रिकेतील बेनिन प्रकाराची खूण होती, सुमारे एकपंचमांशांवर बांटू प्रकाराची, आणि सुमारे चतुर्थांशांवर ज्यास शास्त्रज्ञ 'अरब-भारतीय' म्हणतात त्या प्रकाराची. हीच अरब-भारतीय खूण सौदी अरबस्तानच्या पूर्व भागात, ओडिशात आणि मध्य भारतात आढळते. थॅलसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराचा जो दोष ओमानमध्ये सर्वाधिक आढळतो, तोच भारतातही सर्वाधिक आढळणारा आहे. समुद्राने जे दोन किनारे वेगळे केले असे नकाशा सांगतो, ते रक्ताने जोडलेले आहेत असे प्रयोगशाळा सांगते.

मृत्यू हटला आणि विकार दिसू लागला

१९७० च्या सुमारास ओमानमध्ये जन्मलेल्या दर पाच-सहा बालकांपैकी एक बालक पाच वर्षांचे होण्यापूर्वीच दगावत असे. हिवताप, अतिसार आणि गोवर यांच्या त्या गर्दीत कोणते मूल आनुवंशिक विकाराने गेले, हे पाहावयास कोणास उसंत नव्हती. पुढील दोन दशकांत रुग्णालये उभी राहिली, लसी आल्या. १९८६ साली सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झाले व १९९० मध्ये त्याचे रुग्णालय उघडले. साथींचा जोर ओसरला, आणि त्यांच्यामागे दडलेले रक्तविकार उघडे पडले. पाच वर्षांखालील सहा हजारांहून अधिक बालकांच्या रक्ताची देशव्यापी पाहणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शंभरांतील सुमारे सहा मुले सिकलसेल दोषाची वाहक होती, आणि सुमारे दोन थॅलसेमियाची.

वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मनुष्यास मिळतात, एक मातेकडून व एक पित्याकडून. एक प्रत सदोष व दुसरी निर्दोष असेल, तर तो मनुष्य वाहक. त्याचे आयुष्य बहुधा इतरांसारखेच निरोगी असते. दोन वाहकांचा विवाह झाला, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि पूर्णतः निर्दोष असण्याची चारांत एक असते. हा हिशोब प्रत्येक गर्भाच्या वेळी नव्याने मांडला जातो. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढील तीन सुखरूप होतील, ही समजूत अनेक घरांस फार महाग पडली आहे.

नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते, कारण एकाच आजा-आजीकडून आलेला दोष दोघांकडेही असू शकतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ओमानमधील निम्म्याहून अधिक विवाह नात्यात किंवा कुळातच झालेले होते. मराठी वाचकांस याचे नवल वाटू नये. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील कित्येक समाजांत आजही आहे.

विळ्याच्या आकाराची पेशी

सिकलसेल या शब्दाचा अर्थच विळ्याच्या आकाराची पेशी. रक्तातील तांबडी पेशी गोल व लवचिक असते, म्हणून ती केसाहून बारीक वाहिनीतूनही वाट काढते. १९१० साली शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात वाकड्या, अणकुचीदार पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखविले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी त्या दोषाचे नेमके स्थान सांगितले: १४६ दुव्यांच्या साखळीतील सहावा दुवा बदललेला. एवढ्याशा बदलाने हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, वाहिन्या तुंबतात, आणि मुलाच्या हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. अशा मुलांत रक्तक्षय असतो, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि काहींस कोवळ्या वयातच पक्षाघात होतो.

असा घातक दोष पिढ्यान्पिढ्या टिकला कसा? त्याचे उत्तर हिवतापात आहे. वाहक बालकास हिवतापाच्या तीव्र स्वरूपापासून पुष्कळसे संरक्षण मिळते, हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील पाहणीवरून मांडले. थॅलसेमियाबाबत असाच तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये केला होता. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन भारताचे नागरिक झाले. हिवताप म्हणजे काय हे मॉरिशसच्या जुन्या घराण्यांस सांगण्याची गरज नाही. १८६६ ते १८६८ या काळातील साथीत त्या बेटावर हजारोंच्या संख्येने माणसे मेली, आणि १९०७-०८ मध्ये रोनाल्ड रॉस यांस तेथे पाचारण करावे लागले. ज्या मुलुखात हिवताप होता, तेथे वाहकाचे रक्त ही एक ढाल होती. हिवताप गेला, ढालीचा उपयोग सरला, आणि तिचे ओझे तेवढे उरले.

विदर्भ, निलगिरी आणि चहाचे मळे

भारतात या विकाराचा शोध १९५२ साली लागला, आणि त्याच वर्षी तो दोन ठिकाणी लागला हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. एक ठिकाण निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासी वस्त्यांचे. दुसरे आसामातील चहाच्या मळ्यांचे. त्या मळ्यांत काम करणारे मजूर दूरच्या प्रांतांतून भरती करून आणलेल्या कुटुंबांतील होते. मळेवाल्यांनी त्यांच्या हातांची गणती केली होती. त्यांच्या रक्तात काय आहे हे शतकानंतर कळले. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी नागपूरकडील लोकांत हा दोष आढळल्याचे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि सातपुड्यातील नंदुरबार हे जिल्हे या विकाराचे महाराष्ट्रातील प्रमुख क्षेत्र मानले जातात. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांसारख्या आदिवासी समाजांत व काही दलित समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

कोकणातून गेलेल्या घराण्यांत सिकलसेल त्या मानाने विरळ. तथापि थॅलसेमियाचे तसे नाही. भारतात सरासरी शंभर माणसांत तीन-चार त्याचे वाहक असतात असे मानले जाते. शिवाय मॉरिशससारख्या बेटावर बिहारी, तमिळ, तेलुगू, मराठी आणि आफ्रिकी वंशाची माणसे पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदली व एकमेकांची सोयरीही झाली. तेव्हा केवळ आडनावावरून वा मूळ गावावरून रक्ताचे अनुमान करणे उचित नव्हे.

अरब-भारतीय जनुकाने जगास एक मोठा धडाही दिला. अर्भकाच्या रक्तात जन्मापूर्वीचे हिमोग्लोबिन शिल्लक असते, आणि ते असेतोवर सिकलसेलचा त्रास जाणवत नाही, असे १९४८ साली न्यूयॉर्क येथील जॅनेट वॉटसन यांच्या ध्यानात आले होते. पूर्व अरबस्तानातील व भारतातील रुग्णांपैकी अनेकांत हे हिमोग्लोबिन मोठेपणीही पुष्कळ प्रमाणात राहते, व त्यांचा आजार सरासरीने सौम्य असतो, असे पुढे आढळले. निसर्गाने काही रुग्णांस जे आपोआप दिले, ते औषधाने इतरांस देता येईल काय, या विचारास त्यामुळे मोठे बळ मिळाले.

कर्करोगाच्या उपचारातून निघालेली वाट

ते औषध कर्करोगाच्या दवाखान्यात सापडले. हायड्रॉक्सियुरिया हे रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे औषध जन्मापूर्वीचे हिमोग्लोबिन वाढविते असे दिसून आले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत त्याने सिकलसेलच्या वेदनांचे झटके कमी केले. आज ते या विकारावरील प्रमुख औषध आहे.

दुसरी वाटही बालकांच्या कर्करोगातूनच निघाली. रोगट अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करून तिच्या जागी निरोगी दात्याची मज्जा घालावयाची, हा उपचार प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगासाठी विकसित झाला. त्याबद्दल डॉनल थॉमस यांस १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण होती रक्ताच्या कर्करोगाने पीडित नऊ वर्षांची मुलगी. पुढील वर्षी अमेरिकेतून एक विलक्षण वृत्त प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या एका मुलीस सिकलसेलही होता आणि रक्ताचा कर्करोगही. मज्जारोपण केले ते कर्करोगासाठी. बरे झाले ते दोन्ही रोग. सिकलसेल समूळ बरा होऊ शकतो, हे त्या बालिकेमुळे जगास प्रथम कळले.

ओमानमध्ये मज्जारोपणास १९९४ साली सुलतान काबूस विद्यापीठाच्या रुग्णालयात प्रारंभ झाला. रक्ताचा कर्करोग असलेल्या रुग्णांबरोबरच थॅलसेमिया व सिकलसेल असलेली मुलेही तेथे या उपचाराची मानकरी ठरली. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ज्या देशात घरटी भावंडे पुष्कळ, तेथे दाता मिळणे त्या मानाने सोपे. ज्या नातेसंबंधांनी रोग घरात आणिला, त्यांनीच काही वेळा त्यावरील उपायही घरात ठेविला.

बरे झालेल्या बालकाचे पुढील आयुष्य

परंतु या उपचाराची एक किंमत आहे, आणि ती बालकास त्या वेळी समजत नाही. मज्जा नष्ट करणारी तीव्र औषधे मुलीच्या अंडाशयास व मुलाच्या वृषणास इजा करितात. जीव वाचतो, पण पुढे अपत्य होण्याची शक्यता मावळू शकते. कर्करोगातून बरी झालेली बालके आणि रक्तविकारातून बरी झालेली बालके येथे एकाच रांगेत उभी राहतात. थॅलसेमियात तर मज्जारोपण न करताही हा धोका असतो: वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साचते, ते मस्तिष्कातील ग्रंथीस बाधते, आणि वयात येणेच लांबते. म्हणून लोह काढून टाकणारी औषधे नियमाने घेणे हे केवळ हृदयाच्या नव्हे, तर वंशाच्याही रक्षणाचे साधन आहे. हायड्रॉक्सियुरियानेही पुरुषांतील शुक्रबीजांची संख्या घटू शकते. म्हणून तरुण रुग्णांशी डॉक्टर त्याविषयी आधीच बोलतात.

या संकटावर तोड निघत आहे. बेल्जियममध्ये सिकलसेल असलेल्या एका मुलीचा अंडाशय, ती जेमतेम चौदा वर्षांची होण्यापूर्वी व मासिक पाळी सुरू होण्याआधीच, मज्जारोपणाच्या अगोदर काढून गोठवून ठेविण्यात आला होता. पुढे त्याचा अंश पुन्हा तिच्या शरीरात बसविला, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात तिला मूल झाले. ओमानच्या शेजारच्या दुबईत जन्मलेल्या, थॅलसेमियाने पीडित अशा एका तरुणीचा अंडाशय बालपणीच इंग्लंडमध्ये याच रीतीने जतन केलेला होता. २०१६ च्या डिसेंबरात लंडनमध्ये तिने पुत्रास जन्म दिला. वयात न आलेल्या मुलग्यांसाठी असे जतन अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन, अमेरिका व बहारीन या देशांनी, आणि पाठोपाठ सौदी अरबस्ताननेही, रुग्णाच्याच मज्जापेशींतील जनुकात बदल करून जन्मापूर्वीचे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या उपचारास मान्यता दिली. हा चमत्कार खरा. तथापि त्यातही आधी तीच तीव्र औषधे द्यावी लागतात. म्हणून आईबापांनी उपचारास संमती देण्यापूर्वीच डॉक्टरांस विचारावे की, या मुलाच्या पुढील अपत्यप्राप्तीचे काय? प्राण वाचविण्याच्या घाईत हा प्रश्न मागे पडतो, आणि पंधरा वर्षांनी तोच सर्वांत मोठा होऊन पुढे येतो.

विवाहापूर्वीचे ज्ञान

सर्वांत सोपा व स्वस्त उपाय मात्र रुग्णालयात नसून विवाहाच्या बोलणीत आहे. रक्ताच्या एका साध्या तपासणीने मनुष्य वाहक आहे की नाही हे कळते, आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. सायप्रस बेटावर थॅलसेमियाने ग्रासलेल्या बालकांचे प्रमाण फार मोठे होते. तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले; तपासणी व गर्भजलपरीक्षा यांच्या साहाय्याने नव्या रुग्णांचा जन्म जवळजवळ थांबला. सौदी अरबस्तानने २००४ पासून अशी तपासणी सक्तीची केली. ओमानमध्ये ती दीर्घकाळ ऐच्छिक होती, आणि तेथील डॉक्टरांचा अनुभव असा की, लग्न ठरल्यानंतर आलेला अहवाल कोणासच नको असतो. भारताने २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे.

या मार्गातील अडथळा पैशाचा नसून लज्जेचा आहे. मस्कतमध्ये काय, गडचिरोलीत काय, किंवा पोर्ट लुईत काय, मूल आजारी निघाले की दोष मातेकडे जातो. आणि मुलगी वाहक निघाली की तिचे लग्न अडते, मुलगा वाहक निघाला तर ते लपविले जाते. शास्त्राचा निर्वाळा याच्या उलट आहे. रोगी बालकास एक सदोष प्रत पित्याकडून मिळालेली असते, तितकीच एक मातेकडून. वाहकाने विवाह करू नये असेही शास्त्र म्हणत नाही. वाहक व अवाहक यांच्या संततीस हा रोग होत नाही. दोघेही वाहक असून परस्परांस सोडू इच्छीत नसतील, तर गर्भाची तपासणी आहे. शरीराबाहेर फलित केलेल्या गर्भांतून निर्दोष गर्भ निवडण्याची विद्याही १९९० पासून उपलब्ध आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेल्या बालिकेपासून भारतातही त्या विद्येचा पाया दृढ झाला. या साधनांपैकी कोणते स्वीकारावयाचे हे प्रत्येक दांपत्याने आपल्या श्रद्धेस व विवेकास स्मरून ठरवावे. परंतु ठरविण्याची संधी मिळण्यासाठी आधी माहिती असली पाहिजे.

मराठी घरांत लग्नापूर्वी पत्रिका पाहण्याची रीत आहे. कुळ, देवक, गोत्र यांची विचारपूस होते. त्यामागील मूळ हेतू भावी संततीचे कल्याण हाच होता. त्या यादीत रक्ताच्या तपासणीची एक ओळ वाढविली, तर परंपरेस बाध येत नाही, उलट तिचा हेतू सफल होतो. मात्र ही तपासणी बोलणी सुरू होण्यापूर्वी, मुलगा व मुलगी दोघांचीही, आणि शक्य तर शाळा-महाविद्यालयाच्या वयातच व्हावी, म्हणजे तिच्या निष्कर्षावरून कोणाचेही ठरलेले लग्न मोडण्याचा प्रसंग येणार नाही.

पूर्वजांपुढे निवड नव्हती. कोणत्या जहाजात बसावे, कोणत्या मळ्यात राबावे, कोणते रक्त मुलांस द्यावे, यांपैकी काहीच त्यांच्या हाती नव्हते. तरी त्यांनी घराणी उभी केली. त्यांच्या वंशजांस आज जे कळू शकते, ते त्यांनी जाणून घ्यावे, आणि जे कळले ते लपवू नये. सुदृढ संतती हा त्या कष्टाळू पूर्वजांचा उचित सन्मान होय.